बदल नाही

बिस्किटांच्या डब्यात सापडलं मला ते खत.
वर सुट्टी बटणं, एक तुटकी जपमाळ,
एकावन्न सालची डुक्कर विकल्याची पावती,
आणि तळाशी, चार घड्यांत, पणजोबांची सही:
गॉर्टबानचं कुरण, ओढ्यापासून चुन्याच्या भट्टीपर्यंत,
माझी मुलगी अट्रॅक्टा हिला.

आमच्या घरात हे नाव कुणी घेत नसे.
कधी चुकून आलंच, तर आजी किटली चढवायला उठायची.
मला वाटायचं, अट्रॅक्टा म्हणजे
पाळण्यातच गेलेलं एखादं मूल.

गेली नव्हती ती. शॅननच्या पलीकडे
बावीस मैलांवर होती.

घोडागाडीतून तिला नेलं तिच्या सख्ख्या भावानं,
माझ्या आजोबांनी, मालाकीनं,
दाढ दुखते म्हणाली होती, ती दाखवायची म्हणून.
मंगळवार होता. तिनं चांगला कोट घातला होता,
येताना लोकर आणायची म्हणून रिकामी पिशवीही घेतली होती.
मालाकीचं लग्न ठरत होतं
आणि मुलीकडच्यांची एकच अट होती:
चुलीशी दुसरी बाई नको.

एक सही डॉक्टरची, एक मॅजिस्ट्रेटची.
नाताळात दोघांकडेही एकेक बदक पोचलं.

नोंदवही दाखवली मला त्यांनी, हातमोजे घालून.
'वेडाचं संभाव्य कारण' या रकान्यात:
जमिनीवरून वाद घालते. प्रार्थनेच्या वेळी हसली.
खाली, निराळ्या शाईत:
एक कुरण आपल्या मालकीचं आहे असा रुग्णेला भ्रम.

पहिल्या वर्षी ती ओरडून सांगायची. लिहिलंय: उन्माद.
मग हळू आवाजात सांगू लागली. लिहिलंय: कावेबाज.
मग गप्प झाली. लिहिलंय: सुधारणा,
घरच्यांना कळवावे.
घरच्यांना कळवलं होतं. घरच्यांनी पत्राची
मेणबत्ती पेटवायला गुंडाळी केली असेल.
वसंतात कुणीतरी सहज विचारलं, अट्रॅक्टा, कुरण कुणाचं?
माझं, म्हणाली.

त्यानंतर वर्षाला एकच ओळ, सह्या वेगवेगळ्या.
बदल नाही.
बदल नाही.
युद्ध आलं आणि गेलं, वॉर्डात वीज आली,
नर्सेसच्या टोप्या लहान झाल्या.
बदल नाही.

कुंपणच शेत खातं म्हणतात.
आमच्याकडची कुंपणं दगडांची, सावकाश खातात.
आणि आम्हीही खाल्लं.
त्या कुरणातल्या गाईंचं लोणी
माझ्या वाढदिवसाच्या प्रत्येक केकमध्ये होतं.
वडिलांचा ट्रॅक्टर त्यातून आला, माझी कॉलेजची फी,
आजीच्या थडग्यावरचा तो गुळगुळीत दगड.
एका बाईला वेड्यात काढून
तीन पिढ्या शहाण्यासारख्या जेवल्या.

त्रेचाळीस वर्षं चादरी रफू करत होती ती.
मी आधी बोटं पाहिली, मग चेहरा.
चेहरा आमचाच होता. हनुवटी तर माझीच.
बरंच काही पाठ करून गेले होते.
माफी हा शब्द इतका वेळ जिभेवर धरला
की गोळीसारखा विरघळून गेला.
मुकाट्यानं खत पुढे सरकवलं.

शेजारणीचा चष्मा मागून घेतला तिनं,
ओळीखालून नख फिरवत वाचलं. दोनदा.
'चुन्याची भट्टी आहे अजून?'
पाडली, मी म्हणाले.
'ओढा?'
आहे.
'तो कुठे जाणार,' ती म्हणाली.

मग दाराशी उभ्या तरुण डॉक्टरला बोटानं बोलावलं,
कागद त्याच्या हाती दिला,
तो वाचून होईपर्यंत सुईत दोरा ओवला.

'आता लिहा,' म्हणाली. 'बदल नाही.'

आणि हसली.
प्रार्थनेच्या वेळी हसली असेल तशी, मोठ्यानं,
तेव्हा दिसलं,
तोंडात दात एकही उरला नव्हता.