नववी फासळी, सातवी गाठ

म्हापशात माझ्या दुकानावर पाटी आहे:
शर्ट, पँट, शाळेचे गणवेश, गादीच्या खोळी.
विमानाचे पंख, असं तिच्यावर कुठे लिहिलेलं नाही.

तरी फेर्मीनबाब आले, ऐन चतुर्थीच्या धांदलीत,
काखेत नकाशा, हातात वीतभर लांब सुई.
म्हणाले, चौसष्ट सालचं आहे, सांगाडा ठणठणीत,
फक्त कातडं गेलंय.

मग सहा महिने, धारगळच्या सड्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये
मी वरून सुई टोचायची, त्यांनी खालून परत धाडायची.
दर अडीच इंचांवर एक गाठ.

नवव्या फासळीवर, सातव्या गाठीला, मुलाचा फोन आला,
लिस्बनहून. परत येत नाही म्हणाला,
दुकानाचं तुमचं तुम्ही बघा.
गाठ मारली की नुसता पीळ दिला, आठवत नाही.
वरून पट्टी चिकटली. पिवळा रंग बसला.

आणि आज, एप्रिलात, मी त्याच पंखाखाली बसलोय,
गुडघे छातीशी, गळ्यात टेप, सवयीनं.
खिडक्या? मी विचारलं.
उघड्याच, ते म्हणाले,
बंद करून जायचं तर कदंबाची बस काय वाईट?

काच वर उचलून पंखाच्या पोटाला आकड्यात अडकवली.
सडा खडखडला: काळा जांभा, वाळकं गवत, एक म्हैस,
आणि खडखड थांबली.
इतकंच. खडखड थांबणं म्हणजे उडणं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वारा बाहीत शिरला, काखेतली शिवण तपासून गेला,
जसं मी दुसऱ्या शिंप्याचं काम तपासतो.
खाली आगरवाड्याची मिठागरं,
खडूनं आखून कापायचे राहिलेले चौकोन,
आणि शापोरा, कुठल्याच बेतात न बसणारी, तिरकी.
कुठल्याशा भट्टीवरून काजूचा उग्र वास
हजार फूट चढून आला, आमच्या दोघांच्या मध्ये बसला.

मी मात्र वर बघत होतो.
नववी फासळी. मोजली. पुन्हा मोजली.
पट्टीखाली बारीक उंचवटे, चार, पाच, सहा,
सातवा आहे? आहे. का सावली?
कापड श्वास घेत होतं.

कितें मेस्ता, भंय दिसता?
नाही म्हणालो. मग ओरडून सगळं सांगितलं,
गाठ, फोन, लिस्बन.
इंजिनाच्या आवाजात त्यांना काय ऐकू गेलं कोण जाणे,
त्यांनी दांडा सोडला, दोन्ही हात डोक्यामागे घेतले,
आणि विमान आपलं चालतच राहिलं.

मग मीही हात बाहेर काढला, पंजा उघडून.
वाऱ्यानं तो असा झिडकारला की मी वाकलो,
आणि टेप गेली.
साठ इंच, पिवळी, कोलवाळच्या पुलावर क्षणभर सरळ झाली,
नदीची रुंदी घ्यावी तशी,
मग वाकडी, मग नाहीच.

संध्याकाळी दुकानात एक पोरगा: पँट दोन इंच आखूड करा.
गळ्याशी हात गेला, रिकामाच आला. बोटांनी मापलं.
तळव्याला अजून वारा लागत होता.
दोनच इंच ना नक्की?
ठेवून जा रे, म्हणालो,
दोऱ्याच्या टोकाला गाठ मारली
आणि कुणी बघत नाही असं पाहून
तिच्यावर आणखी एक.