अस्तराची थैली

खाकी ड्रिल, अडीच मीटर.
शाळेचा गणवेश बदलला त्या साली
गुणवंत टेलरच्या फळीवर पडून राहिलेलं.
घडीवर ऊन लागून एक पट्टा विटलेला.
"घेऊन जा वैनी, नाई तं उंदरं खातीन,"
म्हणाला, अन् वरून तीस रुपये मागितले.

थैली माझी नाही, बेबीताई ढोरेची.
मागच्या सोमवारी भर बाजारात तिची पन्नी फाटली
अन् भेदरं घरंगळत गेली
थेट मिरच्यांच्या ढिगापर्यंत.
ती उभीच राहिली. गुडघा वाकू देत नाही.
पोरांनी वेचून दिली,
चार-दोन सायकलखाली गेली.
"मले अशी थैली शिव," संध्याकाळी ओट्यावर येऊन म्हणाली,
"का मी फाटीन, थे नाई फाटाची."

माप बोलता बोलताच घेतलं.
कोहळं बसलं पाहिजे, आडवं.
आलू खाली, वांगे मधात, सांभार वर.
सांभार चेंगरला
तर तिचा अख्खा सोमवार चेंगरतो.

अस्तराची मला चिंता नव्हती.
पेटीभर ब्लाउजपीस आहेत,
लग्नातले, बारशातले, ओटीतले,
जे कुणीच कधी शिवत नाही.
गुलाबी हा गावंड्यांच्या वास्तूचा.
हा मोरपंखी इंगोल्यांच्या सुनेनं दिला,
तिला कौतिकानं दिला असेल,
अन् कौतिकाला
मी.
कोपऱ्यात निळ्या पेनाचा ठिपका अजून आहे.
नऊ वर्षांमागं मीच टेकवला होता,
फिरून येतो का पाहू म्हणून.
आला की. किती घरचं कुंकू लागलं त्याला,
घडी मात्र कुणी मोडली नाही.

मी मोडली.
कैची लावली तेव्हा वाटलं,
बरं झालं बाई, सुटलास एकदाचा.

चौदा नंबरची सुई दोनदा तुटली.
सोळाची लावली.
बंदाच्या बुडाशी चौकोन, चौकोनात फुली,
त्या फुलीवरून परत एकदा मशीन.
लाइन गेली तेव्हा तळ जोडत होते,
पायानं चालणाऱ्या मशीनला काय त्याचं,
पण डोळ्यांना दिवा लागतो.
दारात ओढून घेतली, उरलेल्या उजेडात.

खाकीचा सुलटा, मोरपंखीचा सुलटा,
तोंडाला तोंड.
सगळं उलट्या अंगानं शिवायचं
अन् अस्तराच्या बुडाशी चार बोटं फट सोडायची.
प्रणाली शेजारी बसून पाहत होती.
"आत्या, हे तं गाठोडं झालं. तोंड कुठी हाय याचं?"
मी त्या फटीत हात घातला,
खाकीचं एक टोक चिमटीत धरलं अन् ओढत गेले.
आधी एक बंद, मग दुसरा,
मग अडला थोडा, मग भसकन
अख्खी थैली बाहेर.
पोरगी "अय्या" म्हणाली.
तीस वर्षं शिवते आहे,
मलाही दरवेळी तसंच होतं, मी म्हणत नाही इतकंच.

आता फट बुजवायची राहिली.
हातानं, बारीक टाके, दहा मिनिटांचं काम.
तेवढ्यात बेबीताई आली.
थैली उलटी केली, सुलटी केली,
बोटं त्या फटीत गेली
अन् तिथंच थांबली.
खाकी अन् मोरपंखीच्या मधात
तिचा हात मनगटापर्यंत दिसेना.
"राहू दे," म्हणाली.
"अवो, गळन त्यातून काहीबाही."
"नाई गळत. टिचबटन लाव एक."
ढोरेभाऊ बाजाराचा हिशेब रुपयाला रुपया घेतात,
चिठ्ठीवर, चष्मा लावून.
हे गावाला माहीत आहे.
मी विचारलं नाही.
बटण लावलं, अस्तराच्याच रंगाचं.

आज सोमवारी दिसली ती, गर्दीत.
बाहेरून पाहशील तर शाळेतलं पोरगं, खाकी, गरीब.
सांभाराची जुडी ठेवायला तोंड उघडलं
तेव्हा एकदाच मोरपंखी चमकलं.

अन् दुपारी कौतिका दारात.
हातात तिचाच कुठलासा ब्लाउजपीस, माप नाही, काही नाही.
"मले बी एक शिवून दे."
"कशी?"
इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.
"बेबीताईसारखी," ती हळूच म्हणाली,
"अर्धवट."