चार बोटं जागा

समृद्धी, तू विचारलंस, सुरुवात कशी करायची,
आणि लोक वाचतील असं लिहायचं कसं.
मला नेमकं ठाऊक नाही.
मला उचगावच्या तिठ्यावरचा फळा ठाऊक आहे,
कल्लाप्पाच्या काट्याजवळचा,
ज्यावर हंगामात रोज पहाटे
मी रताळ्याचा भाव लिहितो.

भाव लिहून झाला की खाली
चार बोटं जागा उरायची.
सुरुवात म्हणजे तेवढीच.

एका शनिवारी तिथं लिहिलं :
बसवंत घाडीची म्हैस काल आपल्या पायानं घरी आली.
खडू दवानं ओला, ‘घरी’ नीट उमटलंच नाही.
लोक आले, वरचा आकडा बघितला,
भावाला शिवी हासडली, पोती उतरवली, गेले.
एकोणीस दिवस असेच.
मोजले, कारण मोजायचीच सवय; तोलार आहे मी.
कल्लाप्पा म्हणाला, “काय लिवलालास रे भरमाणी?
खडू काय तुझ्या बापाचा?”
विसाव्या दिवसापासून खडू माझ्या पैशाचा.

पहिली वाचणारी आली ती न वाचणारी.
इरव्वा. डोक्यावर दह्याची बुट्टी.
तिला अक्षर कुठलंच येत नाही, ना तिकडचं ना इकडचं,
मराठी बोललेलं मात्र सगळं कळतं.
म्हणाली, “इवत्त एन बरदी?”
मी वाचून दाखवलं :
पोस्टमनची सायकल पंक्चर. दुसऱ्यांदा. त्याच वळणावर.
हसली नाही. बुट्टी सावरली, पुढं गेली.
दुसऱ्या दिवशी वळणावरच्या काचा
कुणीतरी वेचून कुंपणाखाली सारल्या होत्या.
कुणी, ते मी विचारलं नाही.
पण त्या दिवशी काट्यावर
दोनदा वजन चुकलो.

मग चव लागली. आणि एकदा मोठं लिहिलं.
माती, भाषा, रक्त, पाट्या, अन्याय,
चार बोटांत मावेना,
म्हणून भाव पुसला.
काय गर्दी सांगू! टाळ्या, फोटो, खांद्यावर हात.
दुपारी कुणीतरी शेण फासलं,
संध्याकाळी कुणीतरी ते धुतलं,
आणि दोघांनीही ओळ शेवटपर्यंत वाचली असेल
असं मला वाटत नाही.
खोटी नव्हती ती ओळ.
फक्त माझी नव्हती. भिंतींवर, बसच्या पाठीवर
माझ्या जन्माआधीपासून लिहिलेली होती.
मागं उभे शेतकरी विचारत राहिले, भाव कुठाय?
इरव्वा त्या सकाळी थांबलीच नाही.

तेव्हा भाव पुसू नको, एवढं एक सांगतो.
लोक ज्यासाठी वाट वाकडी करतात
ते आधी, ठळक, खरं.
त्याच्या खाली तू.

बाकीचं मलाही उलगडलेलं नाही.
कुणाची वरात, कुणाच्या बोअरला खारं पाणी,
आंबेवाडीच्या वाटेवर सापडलेली एकच चप्पल, डावी,
कशाला लोक थांबतील सांगता येत नाही.
चपलेला थांबले.
तीन गावांतून डाव्या पायाची चौकशी आली.

मागच्या हंगामात ताप आला, आठ दिवस अंथरुणात.
पडल्या पडल्या डोळ्यांपुढं
ती चार बोटं काळीच दिसायची.
नवव्या दिवशी गेलो तर तिथं कानडी अक्षरं,
गोल गोल, घाईची, इरव्वाच्या नातवाच्या हातची.
मला कानडी बोलता येतं, वाचता नाही.
तिच्याकडे बघितलं.
तिनं उलट्या बाजूनं बोट फिरवत
पाठ केलेलं म्हणून दाखवलं :
भरमण्णाला ताप आहे.
काटा कल्लाप्पाचा, वजन आपापलं बघून घ्या.

माझं नाव भरमाणी. दुरुस्त केलं नाही.
वर भाव लिहिला. खाली जागा नव्हती.
त्या दिवशी काहीच लिहिलं नाही,
आणि हंगामातली सगळ्यात मोठी गर्दी तिथं होती,
एकमेकांना विचारत, हे काय म्हणतंय.

हा घे खडू.
कोरडा ठेव. पहाटे दव असतं.