२१४ मधल्या पाहुण्यांस

टेबलावरचा कागद मिळाला.
नकाशावर तुम्ही फुल्या मारल्यात:
आगीचे डोंगर, हिरवं तळं, उंटांची रांग.
खाली बारीक अक्षरात:
"जिथे कुणी जात नाही असं काही सांगाल?"

कुणी जात नाही म्हणजे कोण, साहेब?
मी जाते की.

सुट्टीच्या दिवशी आधी पाय गरम पाण्यात.
मग दुपारी भावाच्या खटाऱ्यातून मालाकडे.
बसही आहे, पण रविवारी
ती असते त्यापेक्षा नसते जास्त.
तिथे निवडुंगाची शेतं. पानांवर पांढरी बुरशी दिसेल.
बुरशी नव्हे ती, किडे आहेत.
एक नखाने चिरडा, बोट लालभडक होईल,
दोन दिवस जात नाही, सांगून ठेवते.
माझी आत्या दोमितिला चमच्याने ते खरवडायची.
कुठल्या कुठल्या बायकांचे ओठ रंगवले तिने,
स्वतः कधी लाली लावली नाही.
म्हणायची, कामावरचं घरी कशाला आणू?

तेनेसारलाही जा.
लाव्हा धावत येऊन समुद्रापाशी थबकला, तिथे चार घरं.
काहींना कुलूप, काहींना दारच नाही.
एका ओट्यावर फेफो बसलेला असेल,
दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे मासे घालून.
आधी त्याला नमस्कार, फोटो नंतर.
तो काही बोलणार नाही.
न बोलता एक मासा हातात देईल,
तो मात्र नको म्हणू नका.

आमच्या घरामागे पावसाच्या पाण्याची टाकी होती,
आता कोरडी. आत एक अंजीर उगवलंय.
तोंड धुतलेलं पाणी बटाट्यांना,
बटाटे उकडलेलं शेळीला,
असं एकेक पाणी तीनदा जगायचं.
तुमचा टब पुसताना सहज आठवलं. बाकी काही नाही.

आणि खेरिया. ती नकाशावर आहे,
पण रस्त्यावरून बघू नका, तिथून ती नुसती
काळ्या कातडीवर उठलेली देवी दिसते.
तीनशे वर्षांमागे सहा वर्षं डोंगर जळत होता,
सगळी शेतं राखेखाली गेली.
मग माणसांनी राख उकरली,
खाली जुनी माती लागेपर्यंत,
आणि प्रत्येक खड्ड्यात एकच वेल लावली.
वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धी कड,
चुना नाही, सिमेंट नाही,
दगडाने दगडाला धरलेलं.
मामा उबाल्दोला विचारून एका खड्ड्यात उतरा, बसा.
डोक्यावरून वारा बोंबलत जाईल,
खाली एक पान हलणार नाही.
मी तिथे झोपते.
सांगितलं कुणाला नव्हतं आजवर.

आता एक.
तुमच्या खिडकीत सात दगड मांडलेत, लहानापासून मोठ्यापर्यंत.
रोज एकेक उचलून धूळ पुसते, परत त्याच जागी ठेवते.
तिसऱ्यावर एका बाजूला राखाडी शेवाळ आहे.
समुद्रावरच्या दगडाला ते येत नाही,
रस्त्यावरच्यालाही नाही.
वर्षानुवर्षं एकाच कुशीवर पडून राहिलेल्या,
कडेतल्या दगडाला येतं.

म्हणजे तुम्ही जाऊन आलात, साहेब.
कुणी जात नाही तिथे तुम्ही कधीच जाऊन आलात,
आणि येताना हाताएवढं एक भोक ठेवून आलात.
तुम्हाला काय माहीत. सुंदर वाटला, उचलला.
पण वाऱ्याला तेवढं पुरतं.
आधी त्यातून शिट्टी वाजते,
मग शेजारचा दगड सैल होतो.

तिसरा दगड आज जागेवर दिसणार नाही.
शोधू नका, खाली तक्रारही करू नका.
माझ्या एप्रनच्या खिशात आहे,
शिफ्ट संपली की नेते.
नेमकं भोक सापडेलच असं नाही,
मामाचे खड्डे काही मोजलेले नाहीत.
संध्याकाळी वारा पडायच्या आत
कान लावून फिरावं लागेल.

बाकीच्या सहांचं तुम्ही बघा.

टॉवेल बदललेत.
खिडकी लावून घ्या, रात्री जोर धरणार आहे.

ओबदुलिया, दुसरा मजला