शंभर वर्षं, गुरुवारपर्यंत

बाणेरच्या कॅफेत पत्र्याचं छत कालपरवा लागलं.
भोसरीहून खोक्यांतून आलेलं, दोन बाय दोनचे चौकोन,
प्रत्येकात तेच एक फूल,
स्क्रूंच्या कडेला अजून कीस.
ईशानी मॅडम म्हणाल्या, करडेकाका,
शंभर वर्षांचं दिसायला हवं.
गुरुवारी उद्घाटन आहे.

मी तांबट आळीतला.
हिरवं दिसलं की आई चिंच भिजत घालायची.
हंड्याच्या काठाला, घंगाळाच्या कडीखाली
कळंक धरला की तिला तो
घरातल्या कुणाचा तरी आळस वाटायचा.
त्याच हिरव्याचे आता मला
चौरस फुटाला नव्वद रुपये मिळतात.

आधी तांब्याचा रंग, दोन हात.
मग काळपट तपकिरी पाणी ब्रशनं खाचांत बसवायचं
आणि ओलं आहे तोवर उंचवटे फडक्यानं पुसायचे.
वय खोलात साचतं,
वर आलेलं हातांनी झिजतं.
(छताला कोण हात लावतो, हे विचारू नका.)
मग स्पंज, मोरचुदी रंगाचा, टिपत टिपत.
खाली नौशाद परात धरून उभा,
त्याच्या पापण्यांवर एकदोन वर्षं पडलेली.

सारखं नको, मी त्याला सांगतो,
आधी ठरव, पाणी कुठून ठिबकायचं.
त्या कोपऱ्यात. वरच्या बिऱ्हाडाची मोरी.
वर तर एसीचे पाइप आहेत, तो म्हणतो.
असू देत. मोरी होती.
खिडकीशी कुणी तरी रोज विडी ओढायचं,
तिथे पिवळट धूर दे.
मधोमध पंखा होता, तो काढला,
तेवढा गोल चकचकीत सोड.

मॅडमनी फोटो काढला.
तो गोल राहिलाय, म्हणाल्या.
मी म्हटलं, तिथे पंखा होता.
कधी?

तीन दिवस मान वर करून
खांदा आता हाक मारली तरी वळत नाही.
रविवारी मी केसांना काळं लावलं,
बायको मागे उभी, जुना टूथब्रश घेऊन,
कानामागचं ओघळलेलं पुसत.
तेच फडकं सोमवारी कामावर आणलं.

आज बुधवार. गोल अजून भरलेला नाही.
शिडीवर स्पंज ओला करून थांबलोय.
नौशाद वर बघतोय,
म्हणतो, काका, मोठा असणार पंखा.
लाकडी पात्यांचा.