मागे बसणाऱ्याचं वजन

शिरवण्याच्या गॅरेजात जनार्दन भोईरने
मागची सीट दोन्ही तळव्यांनी दाबली, सोडली.
गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर,
निघतो निघतो म्हणत दारातच रेंगाळणाऱ्या
पाहुण्यासारखी.
“शॉकअपान काय राह्यलं नाय, काका.”
पुढच्या पाइपावरून बोट फिरवून
तेलाची कड त्याने मला दाखवली,
मग तेच बोट पॅन्टला पुसलं.

नवं बत्तीस हजार.
गाडीच विकायला काढली तर पंचेचाळीस.
ही वजाबाकी मी पाम बीचवर
प्रत्येक सिग्नलला करून पाहिली.
उत्तर तेच येतं, पटत नाही.

छत्तीस वर्षं मी तुर्भ्याच्या कंपनीत
दाबमापकं तपासली.
काटा शून्यावर येत नसेल तर लाल चिठ्ठी.
किती जुनं, कुणाच्या हातचं,
विचारायचं नाही.
तेव्हा सोपं होतं.
आता उरण फाट्याचा तो खड्डा
आधी मनगटात येतो, मग खांद्यात,
आणि मी म्हणतो, रस्ताच वाईट आहे.

अकरा वर्षं, सत्त्याऐंशी हजार किलोमीटर.
झीज कळायच्या आधी तिची सवय होते.
नेमकं कधीपासून, असं जनार्दनने विचारलं
तर मला सांगता येईना.
हंपीला जाताना नव्हतं.
स्पितीला असावं.

मृदुलाने तर दांडेलीच्या वाटेवरच सांगितलं होतं,
“तू रस्ता बघतोस. मी तो मणक्यांनी मोजते.”
मला वाटलं, विनोद.
मग तिची पाठ, मग कमरेचा पट्टा, मग
“तू जाऊन ये.”
तिचं हेल्मेट अजून चपलांच्या कपाटावर आहे.
त्यात ती लाइटची बिलं ठेवते.

पुण्याचा स्प्रिंगवाला फोनवर तीनच गोष्टी विचारतो.
चालकाचं वजन.
सामानाचं.
मागे बसणाऱ्याचं.
“कुणी बसत नसेल तर शून्य लिहा, सर.
नाहीतर उगाच कडक होईल.”

शून्य.
जन्मभर ज्या आकड्यावर काटे आणून ठेवले,
तो लिहायला
माझ्याकडे शनिवारभर पेन नव्हतं.

रविवारी पार्किंगमध्ये टेप काढली.
बसलेल्या माणसाला स्वतःचं माप घेता येत नाही,
म्हणून सोपान वॉचमनला बोलावलं.
रिकामी गाडी, मागच्या आसापासून वर: सहाशे बारा.
मी बसलो: पाचशे अठ्ठेचाळीस.
म्हणजे चौसष्ट मिलिमीटर.
चाळीसच्या फार पुढे जायला नको.

“गेलंच की मग,” मृदुला म्हणाली.
ती भाजी घेऊन येत होती, थांबली होती.
“आणि माझ्यासकट?”

कोथिंबिरीची पिशवी तिने आरशाला अडकवली,
माझ्या खांद्यावर हात ठेवला,
डावा पाय फुटरेस्टवर,
“आई गं” आणि “हं” यांच्या मधला एक आवाज,
आणि गाडी बसली.

इंजिन बंद. मी दोन्ही पायांवर तोल धरलेला.
समोर पाण्याची टाकी,
बी विंगच्या पोरांच्या हवा गेलेल्या सायकली,
भिंतीवर ‘येथे गाड्या धुवू नयेत’.
कुठेही जायचं नव्हतं
आणि तिने सवयीने
माझ्या शर्टाची मागची घडी धरली.

“पाचशे एकवीस,” सोपान म्हणाला.
ऐकलं मी. स्पष्ट.

“उतरू?”
“थांब, आकडा नीट घेऊ दे.”

सोपानने माझ्याकडे पाहिलं.
टेप गुंडाळली, पुन्हा सोडली,
एक डोळा मिटून कितीतरी वेळ बघत राहिला.
“हलू नका, ताई,” म्हणाला,
“काटा हलतोय.”

टेपला काटा नसतो.