निरंक

दर महिन्याच्या पाच तारखेला केंद्रावर अहवाल जातो.
पटसंख्या सत्तावीस.
तांदूळ शिल्लक एक पोतं, वर ओंजळभर.
तक्रारपेटीतल्या तक्रारी: निरंक.
हा शब्द मी इतक्यांदा लिहिलाय
की पेन टेकवलं तरी उमटतो आपोआप,
अनुस्वारासकट.

पेटी म्हणजे गोडेतेलाचा डबा,
वरून चीर पाडलेला, लाल ऑइलपेंट मारलेला,
टांगलाय ऑफिसच्या दाराशी,
साहेबांच्या खुर्चीतून नीट दिसेल असा.
किल्ली उरकुडे सरांच्या करदोट्याला.
सर बदलून गेले आरमोरीला
आणि करदोटाही गेला.

परवा तपासणीचा निरोप आला
तेव्हा दगडानेच फोडलं कुलूप.

आत झुरळांची अंडी, खडूचे तुकडे,
मोहाची एक वाळकी टोळ (कुणी टाकली असेल, आणि का),
आणि चिठ्ठ्या. दोन वर्षांच्या.

मुतारीला कडी नाही.
खिचडी वाढताना आमच्या टोल्याची रांग शेवटी काहून?
पंधरा ऑगस्टचं भाषण दरसाल हर्षलच करते.
तेंदूच्या दिवसात मी येत नाही तर गुर्जी मले ढ म्हणतात.
सत्तर पानांचा एक पुडा.
मले सत्तरचा पाढा येते.

मी शिक्षक आहे एकोणीस वर्षं.
सत्तरचा पाढा मी कधी कुणाला विचारला नाही.

मग ही एक, वहीच्या कडेची, चिंधीएवढी:
स्कॉलरशिपचा फारम चारच जनाले काहून?

इथे मी पाणी प्यायलो.
ती चार नावं मीच काढली होती,
निकाल शंभर टक्के लागावा म्हणून.
लागलाही. पेपरात फोटो आला,
दोन पोरं इकडे, दोन तिकडे,
मधोमध मी.

सगळ्यांत खाली होती एक मोठी चिठ्ठी, चौघडी घातलेली.
सवयीने लाल पेनचं टोपण काढलं,
पहिल्या ओळीत तीन चुका केल्या गोल,
चौथी करताना कळलं की ही मराठीच नाही.
अक्षरं माझी, मी शिकवलेली,
भाषा तिची, मी न शिकलेली.

पाचवीतल्या कुमोटीच्या पोरीला बोलावलं.
वाच, म्हटलं.
ती माझ्या लाल गोलांकडे बघत राहिली.
मग वाचलं, आधी पायांकडे बघत,
मग खिडकीकडे, मग बिलकूल कुणाकडेच नाही.
वाचताना तिचा आवाज मोठा होता.
हा आवाज वर्गात कुठे असतो?

मराठीत सांग, म्हटलं.
(खरं तर म्हणायला हवं होतं, मला सांग.)

ती म्हणाली,
नावा पोरोल जानो.
म्हणजे माझं नाव जानो.
हजेरीत तुमी जनाबाई म्हणता.
जनाबाई कोन हाये मले माहीत नाही.
तिच्या बदल्यात मी रोज हजर म्हणते.
ती परीक्षेत नापास झाली
तं मार मले बसला.

ऑफिसात पंखा नव्हता, तरी कागद हलत होते.
किंवा माझा हात.

नाव दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र लागतं,
जन्माचा दाखला लागतो, धानोऱ्याला तीन खेपा,
बापाची तीन दिवसांची मजुरी.
हे सगळं मला पाठ आहे, तिला समजावूनही सांगितलं असतं.
नाही सांगितलं. पहिल्यांदाच.

तपासणीवाले आले, रंगवलेला डबा बघून गेले.
छान, म्हणाले.
पाच तारखेला अहवालाच्या रकान्यात
मी लिहायला बसलो.
जागा एका ओळीची.
लिहिलं: चौतीस. कृपया मागे पाहावे.
मागची बाजू पुरली नाही.

सकाळी हजेरी घेतली.
पेन्सिलने लिहिलेलं नाव पुकारलं: जानो.
कुणी हललं नाही.
पुन्हा पुकारलं.
मागच्या दारापाशी बसलेली एक मान वर झाली,
तिला बहुतेक अजून खात्री नव्हती
की हाक आपल्यालाच आहे.
उभी राहिली. हजर नाही म्हणाली.
म्हणाली,
मले बी फारम पायजे.